कच्चा ठेवलेला दांड

सन १९६३. मी चोवीस वर्षांचा होतो. शाळा चौथीतच सुटली होती, आणि बागेला पाणी द्यायच्या कामात आपल्यापेक्षा हुशार माणूस साऱ्या वऱ्हाडात नाही असं मला पक्कं वाटत होतं. आजही फारसं वेगळं वाटत नाही.

अमरावतीच्या बाहेर आमची साडेतीन एकराची बाग. झेंडू, शेवंती, मेथी, वांगी आणि कडेला संत्र्याची सोळा झाडं. सकाळी घरोघरी पूजेची फुलं पोचवायची, हे माझं काम. त्या घरांत एक भिक्षुकी करणाऱ्या महाराजांचं घर होतं. फुलांचा पुडा ओट्यावर ठेवायचा, नमस्कार करायचा, निघायचं. आठ वर्षांत त्या घरी याहून जास्त बोलणं झालं नव्हतं.

त्यांचा धाकटा मुलगा मुंबईला चित्रकलेच्या शाळेत होता. "सजावट शिकतो," असं तो सांगे. बाप विचारी, "म्हणजे मांडव घालणार?" त्या मे महिन्यात मुलगा सुट्टीवर आला आणि एका सकाळी त्यानं मला ओट्यावर अडवलं.

"तुम्हाला घराच्या आत खरी बाग लावता येईल का?"

त्या आळीत मला 'तुम्ही' म्हणणारा तो पहिला. मी जरा मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाशी बोलतोय का ते.

"घरात काहून? बाहेर जागा कमी पडली का?"

"चित्र समोर असतं," तो म्हणाला. "माणूस लांब उभा राहतो, बघतो आणि जातो. मला माणूस चित्राच्या आत पाहिजे."

"आत जाऊन काय करन तो?"

"तेच तर शोधायचं आहे."

मग ओट्यावर बसवून त्यानं मला सगळं सांगितलं. त्याचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेसाठी त्यानं असं एक दालन करायचं ठरवलं होतं, की आत आलेल्या माणसानं काही केलं की दालनानं त्याला उत्तर द्यावं. पाऊल पडलं की पाणी यावं, हात लागला की पानं हलावीत, असं. त्याच्या सरांना ते खूळ वाटत होतं, पण त्यांनी एका अटीवर परवानगी दिली होती. आत येणाऱ्यानं जे करायचं ते आपणहून केलं पाहिजे. 'हे करा' म्हणून सांगणारी पाटी नको, माणूस नको. नागपूरला जाताना सर अकोल्याला अर्धा दिवस उतरणार होते आणि तिथंच निकाल लागणार होता. नापास झाला, तर बापानं सांगूनच ठेवलं होतं, "मुंबई पुरे. सोवळं नेस आणि माझ्याबरोबर यजमानांकडं चल." भिक्षुकीत वाईट काही नाही. पण त्या मुलाचा जीव तिथं नव्हता, हे माझ्यासारख्या चौथी शिकलेल्यालाही दिसत होतं.

त्याचे मामा अकोल्यात वकील. त्यांच्या एका पक्षकाराचं कापसाचं गोदाम उन्हाळ्यात रिकामं असे, ते वीस दिवसांपुरतं मिळालं होतं. मी माझ्या बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "गोदामात बाग? तुह्या डोक्यात ऊन गेलं काय बे?" त्यानं नको म्हटलं म्हणूनच मी गेलो, हे खोटं सांगत नाही.

मूर्तिजापूरवरून एसटीनं अकोला गाठलं. मे महिन्यातलं अकोला काय सांगू. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. गोदाम टिनाचं, पण एका बाजूचे चारसहा पत्रे आदल्या वादळात उडालेले. तिथून ऊन खाली येई. मी तीच जागा धरली. तीन गाड्या काळी माती आणवली, वाफे पाडले आणि मेथी टाकली. त्याला कागदाची झाडं पाहिजे होती, आणि पाण्याच्या जागी रंगवलेली काच.

मी म्हटलं, "कागदाची मेथी मी लावत नाही."

"अहो, दिव्याच्या उजेडात कळणार नाही."

"तुमाले कळनार नाई. पाहायले येनाऱ्याले कळते. मेथी वासावरून कळते, महाराज." त्याच्या बापाला म्हणायचो तसं त्यालाही मी महाराज म्हणे, पण चिडवायला.

तीन दिवस आम्ही यावर भांडलो. चौथ्या दिवशी मी पिशवी उचलून एसटी स्टँडवर जाऊन बसलो. गाडी लागली. आणि मला आठवलं की मेथीला आज पाणी नाही मिळालं, तर कोंब उन्हात करपतील. परत आलो. तो दारातच उभा होता.

"मेथीसाठी आलो," मी म्हटलं. "तुमच्यासाठी नाई."

"चालेल," तो म्हणाला, आणि कागदाची पानं गुंडाळून कोपऱ्यात टाकली. काच मात्र त्यानं दोन दिवस हातात धरून ठेवली होती. शेवटी तीही गेली. तिच्या जागी मी खरा दांड घातला. दांड म्हणजे वाफ्यांना पाणी नेणारी मातीची नाली, दोन्ही बाजूंना टाचेनं चोपून बसवलेली. आमच्या बापाचं म्हणणं असे की ज्याचा दांड फुटतो तो माळीच नाही. माझा दांड कधी फुटला नव्हता.

बाकीचं काम त्याचं. काय काय केलं होतं त्या पोरानं! वाटेवर मातीखाली एक फळी पुरली होती. तिच्यावर पाय पडला की दोरी ताणली जाई, उंचावरच्या ड्रमाचं बूच उचललं जाई आणि दांडात पाणी येई. वरून वाळ्याचे भिजवलेले पडदे सोडले होते, त्यामुळं आत थंडावा आणि वास. छताखाली दहाबारा दोऱ्या लोंबत होत्या. एक ओढली की बैलाच्या घागरमाळा वाजत, दुसरी ओढली की वरून झेंडूच्या पाकळ्या पडत, तिसरीनं हिरवा दिवा लागे. एका मोठ्या कागदावर त्यानं साऱ्या गोदामाचा नकाशा काढला होता. माणूस आत आला की तो पडद्याआडून पाही आणि माणूस जिथं जिथं थांबला तिथं पेन्सिलनं टिंब देई. मी विचारलं, "हे टिंब कशाले?" तो म्हणाला, "माणूस काय सांगतो ते खरं नसतं. तो कुठं थांबतो ते खरं." हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. माणसं पारखायला पुढं फार कामी पडलं.

सर यायच्या पाच दिवस आधी आम्ही दार उघडलं. गार आहे म्हटल्यावर लोक येणारच. मामांच्या ओळखीचे वकील आले, शाळेतले मास्तर आले, कारकून आले, बायका आल्या. सगळ्यांनी दारात चपला काढल्या. काढा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. सगळे हात मागे बांधून, देवळात जातात तसे सावकाश आत गेले. फळीवर पाय पडला, पाणी आलं, दांडातून वाफ्यात गेलं. लोकांनी पाहिलं, "वा, वा," म्हटलं आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडले. लोंबणाऱ्या दोऱ्यांना एकानंही हात लावला नाही. दुसऱ्याच्या घरात न विचारता वस्तूला हात लावायचा नाही, हे आमच्या लोकांना आईच्या दुधातून मिळालेलं. एका म्हाताऱ्या वकिलांनी बाहेर येऊन हात पुढं केला, "तीर्थ कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. नकाशावर टिंबंच नव्हती. लोक थांबतच नव्हते. त्यानं दोऱ्या खाली घेतल्या, लाल केल्या, नाकासमोर आणल्या. लोक मान वाकवून खालून गेले.

चौथ्या दिवशी वैतागून त्यानं पाटी लावली, 'दोरी ओढा'. तेव्हा एका बाईनं विचारलं, "ओढू का?" ओढ म्हटल्यावर बोटभर ओढली, घागरमाळ वाजली, आणि ती आता कोण रागावतं ते पाहत उभी राहिली. त्यानं पाटी काढून फेकली.

"उद्याचा एक दिवस राहिला," तो म्हणाला. "परवा दुपारी सर. संपलं."

मी म्हटलं, "मले तं पयल्या दिवशीच वाटलं होतं."

असं बोलायला नको होतं. पण माझी जीभ माझ्या आधी धावते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो मातीच्या ढिगावर जाऊन बसला आणि कपाळाला हात लावला. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं म्हणून अजून राग आला. त्या रागातच मी दुसऱ्या दिवशी सकाळी दांडाची डागडुजी करायला घेतली. तिसऱ्या वाफ्याजवळ माती बसवली आणि चोपायची राहून गेली. टाच मारलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी एक भाजीवाली म्हातारी आली. मोर्णा नदीच्या काठी तिची वाडी होती. विकून उरलेली वांगी टोपलीत होती. सावलीला बसू का म्हणून तिनं विचारलं, मी आत जा म्हटलं. तिच्या मागून मामांचा कारकून आणि शाळेतले एक मास्तर आले. आमचा चित्रकलेचा विद्यार्थी पडद्याआड पेन्सिल घेऊन बसला होता, पण सवयीनं. मी त्याच्या शेजारी.

म्हातारीनं टोपली उतरवली. फळीवर पाय पडला. पाणी आलं. दांडातून नीट निघालं आणि तिसऱ्या वाफ्याजवळ माझी माती खचली. पाणी वाटेवर आलं. म्हातारीच्या पायाशी पसरलं.

मी उठलो. चार लोकांपुढं माझा दांड फुटला होता, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बुजवायला धावणार, तर त्यानं माझा हात धरला.

"थांबा."

"अहो, फुटला ना!"

"थांबा म्हणतो ना."

तिकडं म्हातारी ओरडली, "अवो माय! कोन्या मुर्दाडानं बांधला वो हा दांड?" आणि लुगडं वर खोचून सरळ चिखलात उतरली. फुटल्या जागी टाच रोवली, दोन्ही हातांनी बाजूची माती ओढली, कारकुनाकडं पाहून म्हणाली, "पाहून काय राहिला, बावा? तिकडचं तोंड खोल, पानी चाललं वाया!"

कारकून धोतर सावरत वाकला. "कोणतं तोंड?"

"कोनतं म्हनते! जिथं सुकं हाय तिथलं!"

मास्तरांनी चष्मा खिशात टाकला आणि पुढच्या वाफ्याचं तोंड हातानं उकरलं. पाणी वळलं. वाफा भरत आला. म्हातारी कमरेवर हात ठेवून भरेपर्यंत पाहत राहिली, मग तोंड बंद करवलं. तेवढ्यानं तिचं भागलं नाही. धुऱ्यावर, म्हणजे वाफ्याच्या बांधावर, बसून तिनं मेथीतलं गवत उपटायला सुरुवात केली, आणि बसल्या बसल्या आधाराला एक लोंबती दोरी धरली. घागरमाळ वाजली. तिनं वर पाहिलं, हसली आणि पुन्हा एकदा ओढली. मास्तरांनी दुसरी ओढली. त्यांच्या डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या.

"मास्तर, लगन लागलं तुमचं," म्हातारी म्हणाली.

मी शेजारी पाहिलं. विद्यार्थ्याची पेन्सिल खाली पडली होती. तो लिहीत नव्हता, नुसता पाहत होता. ते तिघं अर्धा तास आत होते. बाहेर येताना त्यांचे हात मागे बांधलेले नव्हते.

जाता जाता म्हातारीनं मला विचारलं, "माळी कोन हाय इथला?"

मी म्हटलं, "बाहेर गेला."

हे सांगताना आजही कान गरम होतात.

संध्याकाळी तो मला म्हणाला, "उद्या दांड असाच फुटला पाहिजे."

"नाई."

"तिसऱ्या वाफ्याजवळच. सर आल्यावर."

"माह्या हातून जानूनबुजून दांड कच्चा राहनार नाई. तुमी दुसरा माळी पाहा."

"दुसरा माळी पाहिला, तर तो कच्चाच बांधेल," तो म्हणाला. "मला पक्का बांधणाऱ्याकडून कच्चा हवाय. किती पाण्याला फुटेल ते फक्त तुम्हालाच सांगता येईल."

हे बोलणं मी जेवताना घोळवलं. लबाड होता, पण खरं बोलला होता. सगळा पक्का दांड बांधून एक हात जागा अशी ठेवायची, की अर्धा ड्रम पाणी धरेल आणि मग सुटेल, हे येरागबाळ्याचं काम नाही. आणि न केलं तर हा पोरगा परवापासून सोवळं नेसून बापामागं चालणार. मी उद्या सांगतो म्हटलं. सकाळी, तो चहा प्यायला गेला असताना, मी दांड बांधला. कुठं किती माती बोटानं दाबली ते मी मोजून दाबली. त्याला काही सांगितलं नाही. नळाखाली हात धुतले.

दुपारी सर आले. पांढरे केस, बुशशर्ट, चकचकीत बूट. दारातल्या चपला पाहून तेही थांबले, वाकून नाड्या सोडल्या आणि मोजे खिशात घातले. रस्त्यावरून येतील ते चारपाच लोक आत सोडले होते. सर तिसऱ्या वाफ्यापाशी एका कोपऱ्यात उभे राहिले, हात मागे बांधून.

फळीवर कोणाचा तरी पाय पडला. पाणी निघालं. पहिला वाफा, दुसरा वाफा, आणि मी मनात म्हटलं होतं तिथं, तितक्याच पाण्याला, दांड सुटला. सुटला तो सरांच्या अनवाणी पायावर. एका शेतकऱ्यानं टोपी काढून खिशात टाकली आणि सरांना म्हणाला, "अहो साहेब, धरा ना तेवढं! मी इकडचं खोलतो!"

सर वाकले. दोन्ही हातांनी समोरून माती लोटू लागले. समोरून लोटली की पाणी ती घेऊन जातं, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत? तीनदा लोटली, तीनदा वाहून गेली. मला राहवलं नाही. पडद्याआडून मी ओरडलो, "साहेब, समोरून नाई! बाजूनं ओढा, अन् टाच मारा!"

म्हणजे सांगणारा माणूस नको ही अट मीच मोडली. विद्यार्थ्यानं डोळे मिटून घेतले.

सरांनी बाजूनं माती ओढली. टाच मारली. पाणी थांबलं. ते तसेच वाकून थोडा वेळ पाण्याकडं पाहत राहिले, मग उठले. कोपरापर्यंत चिखल. पडदा बाजूला सारून आमच्यासमोर उभे राहिले.

विद्यार्थी घाईघाईनं म्हणाला, "सर, सांगायचं नव्हतं, पण यांना राहवलं नाही."

"मी वाकल्यावर ते ओरडले," सर म्हणाले. "वाक म्हणून नाही ओरडले." मग माझ्याकडं वळले. "दांड तुम्ही बांधला?"

सगळे लोक पाहत होते. काल मी बाहेर गेलेला माळी होतो. आज तसं म्हणता आलं असतं.

"हो. मीच बांधला. अन् कच्चा बी मीच ठेवला. नाई तं माहा दांड फुटत नाई."

लोक हसले. सरही हसले. विद्यार्थी हसला नाही. तो आमच्या दोघांच्या मधे आला आणि म्हणाला, "सर, पहिल्यांदा तो चुकून फुटला होता. आज यांनी माझ्यासाठी फोडला. कागदावर दोघांचं नाव लिहायचं आहे."

सरांनी आपलं पेन काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं नकाशाच्या खाली आपलं नाव लिहिलं आणि त्याच ओळीत, तेवढ्याच अक्षरात, माझं. शाळेच्या दाखल्यानंतर माझं नाव कागदावर पहिल्यांदाच कोणी एवढं नीट लिहिलं होतं. पास झाला तो. सरांनी जाताना हात न धुता हात जोडले.

पुढं तो मोठा झाला. दूरदूरच्या गावांत त्यानं अशी दालनं केली. मी बागच केली, पण दरसाल शेतीच्या प्रदर्शनात लोकांना मातीत उतरवणारा वाफा असतो, तो माझाच. कोणी विचारलं कोणाकडून शिकलात, तर मी एका भटजीच्या पोराचं नाव सांगतो. माणसाला आपलं काम माहीत असतं. आपल्या कामातली चूकही उपयोगाची असते, हे दुसऱ्यानं दाखवावं लागतं. ते त्यानं दाखवलं. त्याचे उपकार मी मानतो, आणि मी सहसा कोणाचे मानत नाही.

सर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाम रिकामं करून द्यायचं होतं. मी पहाटे उठलो. तिसऱ्या वाफ्याजवळची माती उकरून काढली, नवी भरली आणि दोन्ही बाजूंनी टाचेनं चोपून पक्की केली. मग भाजीबाजारात जाऊन त्या म्हातारीला शोधून काढलं.

"आजी, चला. दांड पाहा."

"कोनता दांड? माह्या धंद्याचा टाइम हाय."

"परवाचा. तो मीच बांधला होता."

तिनं मला वरून खाली पाहिलं. "मंग परवा काय टाच गहान ठेवली होती?"

पण आली बडबड करत. तिला धुऱ्यावर उभी केली आणि मी फळीवर पाय दिला. सगळा ड्रम रिकामा होऊ दिला. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं, वाटेवर एक थेंब आला नाही. म्हातारी वाकली, बोटानं दांड दाबून पाहिला आणि मेथीकडं बोट दाखवून टोपली पुढं केली.

मेथी पुरेसं ऊन न मिळाल्यानं जरा लांबट निघाली होती. तरी मी सगळी उपटली, जुड्या बांधल्या आणि तिच्या टोपलीत रचून दिल्या.